हवेतली मंडळी

शुद्ध हवेवर मराठी माणसाची श्रद्धा असते. एखाद्याची देवावर नसेल, डॉक्टरवर नसेल, पण शुद्ध हवेवर असतेच. आजारातून उठलं की हवापालट. पोराला भूक लागत नाही, हवापालट. निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधायचं तेही हवेसाठी. मग तिथे करमत नाही, हा भाग वेगळा. फ्लॅट बघायला गेल्यावर बिल्डरच्या माणसाला 'क्रॉस व्हेंटिलेशन आहे ना?' असं दरडावून विचारणारे आपण, ताबा मिळाला की डास येतात म्हणून आठवडाभरात सगळ्या खिडक्या लावून मोकळे होतो. शिवाय आपल्याला हवा हवी असते, वारा नको असतो. हवा चांगली, वारा बाधतो. म्हणून हवा खायला माथेरानला निघालेली मंडळी सामानात पहिली कानटोपी भरतात.

पाचगणीला १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, ते डोंगरावरच्या हवेच्या भरवशावरच. क्षयावर गुण देणारं औषध यायला अजून तीस-पस्तीस वर्षं अवकाश होता. तोवर मोकळी हवा, सकस खाणं आणि गुमान पडून राहणं, एवढाच इलाज. जे बरे झाले ते पुढे जन्मभर पाचगणीच्या हवेचे गोडवे गात राहिले. बाकीच्यांचं मत घ्यायची सोय नव्हती.

आमच्या सोसायटीतले एक काका रोज पहाटे टेकडी चढतात. माथ्यावर पोचले की पूर्वेकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, छाती फुटेस्तोवर श्वास घेतात आणि तो सोडायच्या आत सांगतात, "एकदम प्युअर!" श्वास रोखून बोलण्याची ही सिद्धी त्यांना प्राणायामातून मिळाली आहे.

"काका, आत्ताच्या या श्वासात काय काय गेलं सांगू का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"ऑक्सिजन," काका म्हणाले.

"तो आहेच. शिवाय गवताचे परागकण, बुरशीचे बीजाणू, मातीतले जिवाणू, फुलपाखराच्या पंखावरचे खवले आणि वाळलेल्या शेणाची पूड."

काकांनी क्षणभर विचार केला. "शेण देशी गाईचं असेल तर चालेल," म्हणाले, आणि पुढचा श्वास घेतला.

काकांची भूमिका मला पटते, कारण दुसरा पर्याय नाही. माणूस दिवसाकाठी दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. म्हणजे मुंबईतल्या वन रूम किचनमधलं ते किचन, फरशीपासून छतापर्यंत, रोज एकदा नाकावाटे जाऊन येतं. जमिनीलगतच्या एका घनमीटर हवेत नुसते जिवाणूच दहा हजारांच्या पुढे असतात. बुरशीचे बीजाणू वेगळे, पराग वेगळे. विषाणूंची तर गोष्टच सोडा. स्पेनमधल्या सिएरा नेवाडा पर्वतावर शास्त्रज्ञांनी वरून खाली पडणारे विषाणू मोजले. २०१८ साली आकडा प्रसिद्ध झाला. दर चौरस मीटरवर, दर दिवशी, ऐंशी कोटींहून जास्त. हे वाचून कोणी रुमाल शोधू नये. त्यातल्या बहुतेकांना आपल्यात काडीचाही रस नसतो. ते दुसरीकडे निघालेले असतात, आपण वाटेत येतो.

निघतात कुठून, हे पाहायचं असेल तर विसरलेला पाव शोधा. पावसाळ्यात, डब्याच्या तळाशी, चारेक दिवसांचा. त्यावर आधी पांढरी लव येते, कापसासारखी. मग त्या लवेतून टाचणीसारखे उभे देठ निघतात आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक काळा ठिपका धरतो. साध्या भिंगातून पाहिलं तरी हे टाचण्यांचं रान स्वच्छ दिसतं. प्रत्येक ठिपक्यात हजारो बीजाणू बसलेले असतात आणि त्यांना फक्त थोडी हालचाल हवी असते. ती आपण पुरवतो. 'अगंबाई, हा राहिलाच की!' म्हणत झाकण काढायचं, खराब झालाय हे डोळ्यांना दिसत असताना खात्री करून घ्यायला नाक जवळ न्यायचं, आणि मग चेहरा वाकडा करून 'ईऽऽ' म्हणत जोरात श्वास सोडायचा. बुरशीला एवढा मनापासून हातभार दुसरा कोणताच प्राणी लावत नसेल. जगभरातल्या बुरश्या मिळून वर्षाला सुमारे पाच कोटी टन बीजाणू हवेत सोडतात, असा एक अंदाज आहे. श्रावणात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर आणि माळ्यावरच्या दिवाळी अंकांवर जी हिरवट साय धरते, ती या पाच कोटींमधली आपल्या वाट्याची.

एवढी वर्दळ असून ती दिसत नाही, एरवी तरी. कौलांच्या फटीतून कवडसा पडला की तेवढ्या पट्ट्यात काहीतरी तरंगताना दिसतं. मनुस्मृतीतल्या वजनमापांची सुरुवातच झरोक्यातल्या उन्हात दिसणाऱ्या या कणापासून होते. त्याचं नाव त्रसरेणू. आठ त्रसरेणूंची मिळून एक लीख, तीन लिखांची एक मोहरी, आणि असं चढत चढत कोष्टक सोन्याच्या वजनापर्यंत पोचतं. सोनं तोलताना उवांची अंडी मध्ये घेणारं हे कोष्टक ज्याने रचलं, तो माणूस घरसंसारात मुरलेला असणार. मात्र त्या तरंगत्या कणांत जिवंत काही आहे की नाही, हा वाद मिटायला पुढे बराच काळ गेला आणि तो मिटवायला एका फ्रेंच माणसाला खेचरावर बाटल्या लादून हिमनदी गाठावी लागली.

हा लुई पाश्चर. वाद असा होता, की रस्सा उघडा राहिला की नासतो, त्यात जीव वळवळू लागतात. ते आपोआप जन्मतात की बाहेरून येतात? पाश्चर म्हणे, हवेतून येतात. समोर होता रुआँ गावचा फेलिक्स पुशे, मोठा निसर्गशास्त्रज्ञ. त्याचा मुद्दा साधा आणि बिनतोड वाटावा असा: जिथे तिथे नासवायला पुरतील एवढे जंतू हवेत असतील, तर हवा लोखंडाइतकी घट्ट व्हायला पाहिजे. पाश्चरने ठरवलं, जंतू सगळीकडे सारखे नसतात हेच दाखवून द्यायचं. उकळून निर्जंतुक केलेल्या द्रावणाच्या मानबंद बाटल्या घेऊन तो १८६० साली निघाला. जागेवर पोचायचं, बाटली डोक्याच्या वर धरायची, मान मोडायची, हवा आत शिरली की ज्योतीवर काच वितळवून तोंड पुन्हा बंद. ज्युरा डोंगराच्या पायथ्याला, आपल्या गावच्या बाजूला, त्याने वीस बाटल्या उघडल्या; आठ नासल्या. डोंगरावर चढून वीस उघडल्या, पाच नासल्या. मग आल्प्समध्ये शामोनीला, हिमनदीवर. तिथे पहिल्या दिवशी पंचाईत झाली. बर्फावरच्या लख्ख उन्हात दिव्याची ज्योतच दिसेना आणि वाऱ्यात ती धड स्थिर राहीना, त्यामुळे मोडलेल्या माना बंद करता आल्या नाहीत. त्या उघड्या बाटल्या रात्रभर खानावळीच्या खोलीत राहिल्या आणि जवळपास सगळ्याच नासल्या. थंड हवेच्या ठिकाणी बाहेरची हवा कितीही चांगली असली तरी लॉजच्या खोलीतली हवा कशी असते, हे आपल्याला सांगायला नको. गावातल्या कारागिराकडून दिवा दुरुस्त करून घेऊन पाश्चर पुन्हा वर गेला. या वेळी वीस बाटल्यांपैकी नासली फक्त एक.

पुशे गप्प बसणारा नव्हता. तो दोघा सहकाऱ्यांना घेऊन १८६३ साली पिरेनीज पर्वतात चढला, पाश्चरपेक्षाही वर, आणि त्याने आपल्या बाटल्या उघडल्या. सगळ्या नासल्या. आता माशी शिंकली कुठे? पॅरिसच्या विद्वानांनी पुशेच्या हाताळणीला दोष दिला. खरी भानगड बाटलीतल्या द्रावणात होती. पाश्चर यीस्टचं पाणी वापरी, पुशे वाळक्या गवताचा काढा. वाळक्या गवतावरच्या एका जिवाणूचे बीजाणू इतके चिवट असतात, की उकळूनही मरत नाहीत. हे कळायला १८७०चं दशक उजाडावं लागलं. लंडनला जॉन टिंडलचे प्रयोग याच कारणाने पार विस्कटले, कारण कोणीतरी प्रयोगशाळेत जुन्या गवताचा भारा आणून ठेवला होता. पाठ्यपुस्तकात पाश्चरचा धडा असतो, पुशेचा नसतो. माझी सहानुभूती पुशेकडे आहे. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त अर्थ चुकीचा लावला. आणि साठी उलटल्यावर, हातात काचेच्या बाटल्या सांभाळत, नुसत्या हट्टापायी बर्फाचा डोंगर चढणाऱ्या माणसाला निदान अर्धा धडा मिळायला हरकत नव्हती.

पण या सगळ्यांत माझा आवडता माणूस वेगळाच आहे. मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. ऐन उन्हाळ्यात त्याला शिंकांचा असा काही मारा सुरू होई की पुरे वाटे. त्या काळात या दुखण्याबद्दल सतरा मतं होती. कोणी म्हणे ऊन बाधतं, कोणी म्हणे ओझोन, कोणी म्हणे नाजूक मनाचा दोष. ब्लॅकलीने स्वतःच्याच नाकावर प्रयोग मांडले. एकेक गवत, एकेक फूल घ्यायचं, त्याचा पराग हुंगायचा आणि शिंकत शिंकत टिपणं काढायची. कातडी थोडी खरवडून त्यावर पराग चोळून पाहायचा. तिथे गांध उठे. मग त्याला प्रश्न पडला, की हा पराग हवेत किती उंच जातो? त्याने सरळ पतंग उडवला. काचेच्या पट्टीला ग्लिसरीनचं चिकट मिश्रण फासून ती पतंगाला बांधायची, तेवढी उंची पुरेना तर एका पतंगाच्या दोरीला दुसरा पतंग जोडायचा, आणि हजार फुटांच्या वर पोचलेली ती पट्टी खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. वरच्या हवेत खालच्यापेक्षा पराग कितीतरी जास्त निघाले. १८७३ साली त्याचं पुस्तक आलं. मांज्यापायी बोटं कापून घेणाऱ्या आपल्या संक्रांतवीरांनी एवढं केलं असतं, तर परागशास्त्राचा जन्म शनिवार पेठेतल्या एखाद्या गच्चीवर झाला असता. ब्लॅकलीच्या शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, हे मात्र राहून राहून मनात येतं. प्रतिष्ठित डॉक्टर, वय पन्नाशीचं, मैदानात उभं राहून पतंग उडवतोय आणि सारखा शिंकतोय.

ब्लॅकलीला आणखी एक गोष्ट दिसली. हे दुखणं शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरांत जास्त आढळे. शेतकरी, जे दिवसभर गवतातच उभे, ते ठणठणीत. झालं, शिंकांना प्रतिष्ठा आली. अमेरिकेत १८७४ साली अशा शिंकऱ्यांनी चक्क राष्ट्रीय संघटना काढली आणि सभासद उन्हाळा सरता सरता न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातल्या हॉटेलांत हवापालटाला जमू लागले. चार शिंका सारख्या आल्या की मंडळ स्थापन करायचं, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

आपल्याकडे शिंकेचं शास्त्र वेगळ्या दिशेने गेलं. निघताना कोणी शिंकलं तर थांबा, पाणी प्या, मग निघा. बोलता बोलता शिंक आली तर बोलणं खरं. लहान मूल शिंकलं तर शतंजीव. शिंक का आली, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. विचारला तरी संशयित ठरलेले असतात. पुण्यात दिवाळीच्या सुमारास सप्तपर्णी फुलते, तिच्या उग्र घमघमाटाने डोकी उठतात, आणि दरवर्षी कोणीतरी झाड तोडायचा अर्ज घेऊन उभं राहतं. वास सोसवत नाही हे खरं. पण सप्तपर्णीचे पराग कीटक वाहून नेतात, ते हवेत फारसे येत नाहीत. शिंका आणणारा गुन्हेगार बहुधा कोपऱ्यात निमूट उभा असतो. वावळ घ्या. थंडी सरताना, पानं नसलेल्या फांद्यांवर हिला फुलं येतात. फुलं म्हणजे काय, तपकिरी-हिरवे बारीक झुबके, पाकळी नाही, रंग नाही, वास नाही. कोणाला आकर्षित करायचंच नाही, कारण सगळा कारभार वाऱ्यावर सोपवलेला. त्यामुळे पराग ढिगाने तयार करायचे आणि उधळून द्यायचे. पुढे महिन्या-दोन महिन्यांत रस्त्यावर पापडीसारख्या गोल, चपट्या, वाळक्या चकत्यांचे ढीग लोटतात, तेव्हा लोकांना कळतं की इथे वावळ होती. गवतं तशीच, एरंड तसाच. जे फूल नटून बसतं ते शिंकवत नाही. ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही ते शिंकवतं. याला गाजरगवत काहीसा अपवाद, कारण ते दिसतंही आणि छळतंही. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे मेक्सिकोकडचं पांढऱ्या फुलांचं गवत, अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर घुसलं असं मानतात. त्याला लोकांनी काँग्रेस गवत असं नाव ठेवलं. सरकारं बदलली, गवत आहे तिथेच आहे.

शेतकऱ्याला हवेतल्या या प्रवाशांची ओळख आपल्याआधी झाली, आणि ती शिंकेवर भागणारी नव्हती. गव्हावर तांबेरा पडला की शेतातून नुसतं चालत गेलं तरी धोतराच्या सोग्यावर विटकरी भुकटी उठते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी आयुष्य या भुकटीमागे घालवलं. प्रश्न असा होता, की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा जिवंत राहूच शकत नाही, मग दर हिवाळ्यात परत येतो कुठून? उत्तर निघालं, डोंगरांतून. उत्तरेला हिमालय, दक्षिणेला निलगिरी आणि पळणी. तिथल्या गारव्यात तो उन्हाळा काढतो. पुढच्या संशोधकांनी वाटही शोधली: नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात, त्यांच्या वाऱ्यावर निलगिरीतले बीजाणू उचलले जातात आणि मध्य भारतात पावसाबरोबर गव्हावर उतरतात. शेकडो मैल, बिनतिकीट. आपल्या महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्यावर, म्हणजे याच तांबेऱ्यावर, संशोधन करणारं केंद्र आहे. स्ट्रॉबेरी आणि मक्याचं कणीस यांच्यामध्ये कधी वेळ उरला, तर तिथे गव्हाच्या तांबेऱ्यासाठी आयुष्यं वेचलेली माणसंही आहेत, एवढं पर्यटकांनी लक्षात ठेवावं. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले कण धरण्याचं स्वतःचं यंत्र बनवलं, अजिंठ्याच्या लेण्यांतली हवासुद्धा तपासली. चित्रांना बुरशीचा धोका असतो, आणि बुरशीला लागणारा दमटपणा हौशी पर्यटकांच्या श्वासातूनही येतो. लेण्यात शिरून 'व्वा!' म्हणणंही तसं फुकट नसतं.

वर किती उंचीपर्यंत ही मंडळी सापडतात, याचं उत्तर शोधायला जयंत नारळीकरांनी पतंगाऐवजी फुगा वापरला. हैदराबादहून २००१ साली आणि पुन्हा २००५ साली इस्रोच्या मदतीने प्रचंड बलून सोडले गेले. त्यात पोलादाच्या निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या. द्रवरूप निऑनने त्या थंड ठेवलेल्या, वर गेल्यावर उघडून हवा आत ओढायची आणि बंद व्हायच्या. मुळात पाश्चरचीच बाटली, फक्त खेचर नाही. दुसऱ्या खेपेला वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा खाली आली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत ती तपासली, तर जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती निघाल्या. तीन जिवाणू तर याआधी कोणालाच ठाऊक नव्हते. २००९ साली त्यांचं बारसं झालं: एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव, एकाला आर्यभटाचं आणि एकाला इस्रोचं. ते अवकाशातून खाली आले की पृथ्वीवरून वर गेले, याचा निवाडा तेव्हा झाला नाही. नारळीकरांनी तसा दावा ठोकूनही दिला नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाला कथा कुठे संपते आणि विज्ञान कुठे सुरू होतं, हे आपल्यापेक्षा नीट कळत होतं.

एवढ्या वर जायची आपल्याला गरज नाही. पहिल्या पावसाला गॅलरीत येऊन आपण जो वास छातीत भरून घेतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर कविता पाठवतो, त्या वासातला मातकट भाग मातीतले जिवाणू तयार करतात. त्या मातकट वासाच्या रसायनाबाबत माणसाचं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. अब्जावधी कणांत दोन-चार असले तरी आपल्याला कळतं. अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं, की थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्या खाली हवेचे बुडबुडे अडकतात, थेंबातून वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार उडवतात. सोड्याच्या बाटलीत होतं तेच. पुढे त्यांनीच दाखवलं की या तुषारांवर बसून मातीतले जिवाणूही हवेत चढतात. कनौजचे अत्तरवाले हा वास कुपीत भरून विकत आले आहेत, आणि आपण तो फुकट घेतो. म्हणजे ज्या एका श्वासाला आपण वर्षातला सगळ्यात शुद्ध श्वास मानतो, तो त्या दिवशीचा बऱ्यापैकी गजबजलेला श्वास असतो.

हवेवर नको ते आरोपही होतात, हे सांगितलं पाहिजे. इडलीचं पीठ घ्या. आमच्या मावशींचं ठाम मत आहे, की मुंबईच्या हवेत पीठ फुगतं, पुण्याच्या हवेत फुगत नाही, कारण पुण्याच्या हवेत 'ते' नाही. 'ते' म्हणजे काय, यावर त्या मुंबईकराला शोभेल असं नुसतं हसतात. प्रत्यक्षात पीठ आंबवणारे जिवाणू हवेतून यायची वाट पाहत नाहीत, ते उडदाच्या डाळीवर बसूनच घरात आलेले असतात. डिसेंबरात पुण्यात ते थंडीने गारठतात, इतकंच. पातेलं ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवलं की पुण्यातही पीठ रात्रीतून झाकण उचलतं. हे मी मावशींना सांगितलं. "असेल बाई, तरी मुंबईची चव नाही," म्हणाल्या. यावर विज्ञान गप्प होतं.

उलट, जिथे हवेवर खरंच संशय घ्यायला हवा होता तिथे आपण घेतला नाही. २०२० साली करोनाच्या साथीत आपण कोथिंबिरीच्या जुड्या मिठाच्या पाण्यात बुडवत होतो, दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, आणि मग खिडक्या घट्ट लावून एका खोलीत सहा जण बसत होतो. माणूस स्वतःच हवेत काय काय सोडत असतो, याची कल्पना आपल्याला नसते. ओरेगन विद्यापीठात २०१५ साली अकरा माणसांना एकेकटं स्वच्छ खोलीत बसवून भोवतालची हवा तपासली, तर प्रत्येकाभोवती जिवाणूंचा ढग सापडला, आणि त्यातल्या बहुतेकांचा ढग इतका ज्याचा त्याचा होता की ढगावरून माणूस ओळखता यावा. आता विरार लोकलमधल्या सकाळी आठच्या डब्यात किती ढग एकमेकांत मिसळत असतील, याचा हिशेब करू नये. एवढ्या जवळिकीनंतरही तिथे लोक चौथ्या सीटवरून भांडतात, याचंच नवल आहे.

ही वर्दळ थांबणार नाही, थांबवायचीही नाही. पण त्यात आज कोण आहे, हे सांगता येतं. इंग्लंडमध्ये जॉन हर्स्टने १९५२ साली एक साधं यंत्र बनवलं. ते मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं, साधारण माणूस श्वास घेतो तितकीच. आत चिकट पट्टी असते, ती तासाला दोन मिलिमीटर सरकते; पुढच्या सुधारित यंत्रांत ती आठवडाभर चालते. पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मंगळवारी दुपारी चार वाजता हवेत कोण होतं, ते वाचता येतं. त्याच धर्तीच्या यंत्रांवरून तिकडे हवामानाच्या बातम्यांत परागकणांचा अंदाज सांगतात आणि दम्याची माणसं त्याप्रमाणे दिवस आखतात. आपल्या शहरांतही चौकाचौकांत हवेचे फलक लागले आहेत. त्यावर धूळ आणि धूर यांचे आकडे येतात, आणि ते हवेतच. त्याखाली एक ओळ परागकणांची आणि एक बुरशीच्या बीजाणूंची लागली पाहिजे. माणसं आपल्याकडे आहेत, यंत्र महाग नाही, आणि शिंकणारे तर मुबलक आहेत. वर्तमानपत्रांनीही राशिभविष्याच्या चौकटीखाली चार ओळींची जागा द्यावी. मेष, वृषभ, मिथुन झाल्यावर वावळ, गवत, एरंड. आज घराबाहेर पडताना शिंका येतील की नाही, हे त्या चार ओळी ग्रहांपेक्षा नक्कीच बरं सांगतील.